आधी पॉलीक्लिनिक, मग हॉस्पिटल: पुण्यातल्या माजी सैनिकांच्या घरांसाठी ईसीएचएसचा क्रम

पेशंटला भरती करून चार-पाच दिवस झाले की मला फोन येतो. "बाबांचं ऑपरेशन झालं, बिल चार लाखांवर गेलंय, ईसीएचएसचं कार्ड आहे, आता काय करायचं?" ईसीएचएस म्हणजे माजी सैनिकांची सरकारी वैद्यकीय योजना, आणि पॉलीक्लिनिक म्हणजे तिचा दवाखाना. पहिला प्रश्न मी एकच विचारतो: पॉलीक्लिनिकला कळवलं का? बहुतेक वेळा उत्तर येतं, "ते डिस्चार्जनंतर करायचं असतं ना?"

नाही. तिथेच सगळं बिघडतं. मी फौजेत क्लार्क होतो. पेन्शनवर आल्यापासून शेजारपाजारच्या माजी सैनिकांचे आणि वीरपत्नींचे फॉर्म भरून देतो. योजना चांगली आहे, पैसेही मिळतात, पण कामं उलट्या क्रमाने केली तर मिळत नाहीत. म्हणून इथे फक्त क्रम सांगतो आणि प्रत्येक पायरीवर लोक कुठे अडतात ते सांगतो.

## १. आपण कोणत्या खिडकीचे, ते आधी पाहा

ईसीएचएस १ एप्रिल २००३ पासून सुरू आहे. ती मुख्यतः पेन्शन घेणाऱ्या माजी सैनिकासाठी आणि फॅमिली पेन्शन घेणाऱ्या पत्नीसाठी आहे. अपंगत्वाची पेन्शन घेणाराही यात येतो. त्या तारखेनंतर निवृत्त झालेल्यांना सभासदत्व सक्तीचं आहे. त्याआधी निवृत्त झालेल्यांना निवड करता येते: ईसीएचएस घ्या, किंवा पेन्शनबरोबर महिना १००० रुपयांचा वैद्यकीय भत्ता घ्या. दोन्ही एकत्र मिळत नाहीत.

भत्ता घेणाऱ्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे. वर्षाचे १२ हजार हातात येतात म्हणून साठी-पासष्टीपर्यंत बरं वाटतं. एकदा अँजिओप्लास्टी निघाली की तो हिशेब राहत नाही. वय चढण्याआधी ईसीएचएसमध्ये या. मात्र अर्जाआधी भत्ता थांबवल्याचा कागद हवा, तो नसेल तर अर्ज परत येतो.

पेन्शनच नसेल, म्हणजे पेन्शनपात्र सेवा पूर्ण न करता बाहेर पडलेले जवान किंवा त्यांच्या विधवा, त्यांनी पॉलीक्लिनिकच्या रांगेत दिवस घालवू नये. हवालदार हुद्द्यापर्यंतच्या अशा घरांना केंद्रीय सैनिक बोर्डाकडून, ध्वजदिन निधीतून, आजारपणासाठी अनुदान मिळतं. त्याचा अर्ज जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयामार्फत जातो. गंभीर आजारासाठी वेगळी मदत आहे, तीही तिथेच विचारा. सैनिक कल्याण विभागाचं राज्य मुख्यालय पुण्यातच असलं तरी तुमचं काम जिल्हा कार्यालयात होतं. मुख्यालयात गेलात तरी तिथून जिल्ह्याकडेच पाठवतील.

## २. कागद जुळवा, आणि हे आजारपणाआधी करा

सगळ्यात जास्त वेळ इथे जातो, आणि लोक सगळ्यात कमी लक्ष इथेच देतात.

टेबलावर या गोष्टी मांडा: डिस्चार्ज बुक (फौजेतून निवृत्त होताना मिळालेलं), पीपीओ (पेन्शन मंजुरीचा आदेश), स्वतःचं आणि घरातल्या प्रत्येकाचं आधार, पॅन, मुलांचे जन्मदाखले, पासबुक. आता एक कोरा कागद घ्या आणि त्यावर तीन रकाने आखा: डिस्चार्ज बुकात काय लिहिलंय, पीपीओवर काय, आधारवर काय. घरातल्या एकेकाचं नाव आणि जन्मतारीख तिन्ही रकान्यांत जशीच्या तशी उतरवा, एकेक अक्षर तपासून.

आपल्याकडे घोळ कुठे होतो ते मी पुन्हा पुन्हा पाहिलंय. लग्नाआधीचं नाव आणि लग्नानंतरचं नाव, ही पहिली अडचण. लग्नाच्या वेळी युनिटमध्ये पार्ट टू ऑर्डर, म्हणजे कुटुंबाची लष्करी नोंद, निघाली तेव्हा पत्नीचं नाव 'शांताबाई' लिहिलं गेलं. आधारवर सासरचं नाव 'सुनंदा' आलं. गावात दोन्ही नावांनी बाईला ओळखतात, पण संगणकाला या दोन वेगळ्या बायका दिसतात. दुसरी अडचण जन्मतारखेची. पूर्वी रेकॉर्डमध्ये पत्नीचं नुसतं वर्ष लिहायचे, आणि आधारवर अंदाजाने १ जून किंवा १ जानेवारी पडते. तिसरी आडनावाची. काही जवान भरतीच्या वेळी आडनावाऐवजी वडिलांचं नाव लावून दाखल झाले, आणि मुलांच्या शाळेच्या दाखल्यावर मात्र आडनाव आहे.

एखादं अक्षर इकडचं तिकडे असेल आणि आधार चुकलेलं असेल, तर आधार दुरुस्त करणं सोपं. नाव पूर्ण वेगळं असेल किंवा पत्नी-मुलाची नोंदच नसेल, तर दुरुस्ती रेकॉर्ड ऑफिसकडूनच करून घ्यावी लागते. नोटरीचं प्रतिज्ञापत्र हा त्या अर्जातला एक जोडकागद असतो, तेवढ्यावर काम होत नाही.

आणि रेकॉर्ड ऑफिस म्हणजे पुण्याचं ऑफिस नव्हे. तुमच्या रेजिमेंटचं रेकॉर्ड जिथे, तिथे अर्ज जातो. मराठा लाईट इन्फन्ट्रीचं बेळगावला, तोफखान्याचं नाशिक रोडला, बॉम्बे सॅपर्सचं खडकीला. बॉम्बे सॅपर्सवाल्यांचं नशीब चांगलं, बाकीच्यांना टपालाची वाट पाहावी लागते. म्हणूनच म्हणतो, हे काम माणूस धडधाकट असताना करा. आयसीयूबाहेर बसून बेळगावला अर्ज लिहिणारा मुलगा मी पाहिलाय.

तपासा: पेन्शन आता 'स्पर्श' या ऑनलाईन प्रणालीवर आहे. तिथे लॉगिन करून पत्नीचं नाव, जन्मतारीख आणि मोबाईल नंबर बघा. हयातीचा दाखला वेळेवर झालाय ना, तेही बघा.

## ३. घरातलं कोण बसतं

पत्नी बसते. मुलगा २५ वर्षांपर्यंत, तोही नोकरी किंवा लग्न होईपर्यंत, जे आधी होईल ते. मुलगी लग्न किंवा नोकरी होईपर्यंत, वयाची अट नाही. घटस्फोटित किंवा विधवा होऊन माहेरी अवलंबून असलेली मुलगीही बसते, आणि हे अनेकांना माहीतच नसतं. कायमचं अपंगत्व असलेल्या अवलंबित मुलाला वयाची मर्यादा लागत नाही. आईवडिलांचं सगळं उत्पन्न महिना ९००० रुपये आणि त्यावरचा महागाई भत्ता, एवढ्याच्या आत असायला हवं.

सून आणि नातवंडं बसत नाहीत. आईला शेतीचं भाडं किंवा स्वतःची पेन्शन येत असेल तर ती उत्पन्नात धरा. खोटं लिहू नका, पुढे एका माणसामुळे सगळ्या घराची कार्डं अडकतात.

## ४. अर्ज

अर्ज ईसीएचएसच्या सरकारी संकेतस्थळावर ऑनलाईन भरायचा. फोटो, सही, कागद स्कॅन करून चढवायचे. सायबर कॅफेवाल्याकडून भरून घेत असाल तर शेजारी बसा, आणि मोबाईल नंबर स्वतःचा द्या. कॅफेवाल्याचा नंबर टाकलेले अर्ज दर महिन्याला दिसतात. पुढचे सगळे संदेश आणि ओटीपी त्याच नंबरवर जातात, माणसाला काहीच कळत नाही.

वर्गणी एकदाच भरायची, हुद्द्याप्रमाणे. हवालदारापर्यंत ३०,००० रुपये. नायब सुभेदार ते सुभेदार मेजर, ऑनररी लेफ्टनंट-कॅप्टनसह, ६७,००० रुपये. अधिकाऱ्यांना १,२०,००० रुपये. १ जानेवारी १९९६ च्या आधी निवृत्त झालेल्यांना आणि युद्धातल्या वीरपत्नींना वर्गणी नाही. अलीकडे निवृत्त झालेल्यांची रक्कम निवृत्तीच्या वेळीच कापली जाते, त्यामुळे आधी कागद बघा आणि मगच भरायला जा.

अर्जात 'पेरेंट पॉलीक्लिनिक' निवडायचं असतं. पुण्यात पुणे, खडकी आणि लोहगाव अशी पॉलीक्लिनिकं आहेत. तुम्ही जिथे प्रत्यक्ष राहता त्याच्या जवळचं घ्या. विश्रांतवाडी-धानोरीचा माणूस लोहगाव सोडून दुसरीकडे नाव लावतो, का, तर मित्र तिकडे आहेत. सत्तरीनंतर दर महिन्याला औषधांसाठी तिकडे रिक्षा करावी लागते. राहण्याची जागा बदलली तर पॉलीक्लिनिकही बदलून घेता येतं.

कार्ड छापून यायला वेळ लागतो. तोवर मंजूर अर्जाची तात्पुरती स्लिप मिळते, तिच्यावर उपचार होतात. ती घडी करून पाकिटात कोंबू नका, प्लास्टिकच्या पाऊचमध्ये ठेवा आणि फोनमध्ये फोटो काढून ठेवा.

थांबा: कार्ड आलं की प्रत्येकाच्या कार्डावरचं नाव, जन्मतारीख आणि नातं त्याच दिवशी वाचा. चूक सापडली तर लगेच कळवा.

## ५. साधं आजारपण: पॉलीक्लिनिक हेच पहिलं दार

गुडघे दुखतात, मोतीबिंदू आलाय, साखर वाढलीय, अशा कुठल्याही कारणासाठी आधी पॉलीक्लिनिक. सासवड, भोर, जुन्नरकडून एसटीने येणाऱ्यांनी सकाळी लवकर निघावं. बरोबर कार्ड, जुनी फाइल आणि चालू औषधांची पाकिटं आणा. औषधांची नुसती नावं सांगू नका, 'ती पांढरी गोळी' यावरून डॉक्टरांना काही कळत नाही.

तिथले डॉक्टर तपासतात, जमेल ते तिथेच करतात. तज्ज्ञ लागला तर रेफरल, म्हणजे पुढे पाठवण्याची चिठ्ठी, देतात. पुणे लष्करी ठाणं असल्यामुळे आधी लष्करी हॉस्पिटलचा विचार होतो: वानवडीचं कमांड हॉस्पिटल, खडकीचं मिलिटरी हॉस्पिटल, हृदय-फुफ्फुसांसाठी एआयसीटीएस. लोक यावर नाराज होतात, "खाजगीतच पाठवा" म्हणून वाद घालतात. माझं मत वेगळं आहे. कमांड हॉस्पिटलच्या तज्ज्ञांकडे पाठवत असतील तर जा. तिथे जागा किंवा सोय नसेल तेव्हा पॅनलवरच्या, म्हणजे ईसीएचएसने मान्य केलेल्या, खाजगी हॉस्पिटलचं रेफरल मिळतं, आणि पॅनलवरच्या यादीतलं कोणतं हॉस्पिटल घ्यायचं ते तुम्ही निवडू शकता.

निवडताना नुसतं 'हॉस्पिटल पॅनलवर आहे' एवढं पुरत नाही. *कशासाठी* पॅनलवर आहे ते विचारा. एखादं हॉस्पिटल डोळ्यांसाठी असतं, हृदयासाठी नसतं. शिवाय पॅनलची यादी बदलते. गेल्या वर्षी शेजारच्या काकांचं जिथे झालं, तिथे आज होईलच असं नाही. पॉलीक्लिनिकच्या बोर्डावरची ताजी यादी त्याच दिवशी बघा.

रेफरल हातात आलं की चार गोष्टी वाचूनच बाहेर पडा: पेशंटचं नाव, हॉस्पिटलचं नाव, कोणता विभाग किंवा तपासणी, आणि मुदतीची तारीख. मुदत संपलेल्या रेफरलवर हॉस्पिटल पैसे मागणारच, त्यात त्यांची चूक नाही.

ठरावीक वय पार केलेल्या ज्येष्ठांना पॅनलवरच्या हॉस्पिटलच्या ओपीडीत रेफरलशिवाय थेट जाता येतं. ही सवलत ओपीडीपुरती समजा. तपासण्या, भरती, ऑपरेशन निघालं की पुन्हा पॉलीक्लिनिकला विचारा.

## ६. ठरवून केलेलं ऑपरेशन

हॉस्पिटलने सांगितलेला इलाज सरकारी दरयादीत असेल तर कॅशलेस होतो. यादीबाहेरचा असेल, किंवा वेगळं, महाग इम्प्लांट सुचवलं असेल, तर आधी मंजुरी लागते. गुडघेबदलाच्या वेळी हे फार होतं. डॉक्टर म्हणतात "हा इम्पोर्टेड बसवू, थोडा फरक भरा", घाबरलेला मुलगा सही करतो. तो 'फरक' नंतर कुणीही परत देत नाही. सही करण्याआधी विचारा: "हे यादीतलं आहे का? नसेल तर लेखी द्या, मी पॉलीक्लिनिककडून मंजुरी आणतो."

खोलीही हुद्द्याप्रमाणे: हवालदारापर्यंत जनरल वॉर्ड, जेसीओंना (नायब सुभेदार ते सुभेदार मेजर) सेमी-प्रायव्हेट, अधिकाऱ्यांना प्रायव्हेट. वरची खोली घेतलीत तर वाढीव खर्च खिशातून जातो.

श्रवणयंत्र, कृत्रिम अवयव यांचंही तसंच, मंजुरी आधी आणि खरेदी नंतर. पाय गमावलेल्या जवानांसाठी पुण्यात १९४४ पासून आर्टिफिशियल लिंब सेंटर आहे. बाजारातून महागडा पाय घेण्याआधी तिथला सल्ला घ्या.

## ७. इमर्जन्सी: इथे ४८ तासांचं घड्याळ चालू होतं

छातीत कळ, पक्षाघात, अपघात, श्वास कोंडणं, विषबाधा, पोटात असह्य दुखणं अशा वेळी रेफरल शोधत बसू नका. जवळचं हॉस्पिटल गाठा. जीव वाचवणं पहिलं. पण दुसरी व्यक्ती, म्हणजे मुलगा, सून, शेजारी, कुणीही, त्याच वेळी पुढची कामं हातात घेऊ दे.

हॉस्पिटल पॅनलवरचं असेल तर दाखल करतानाच कार्ड दाखवा आणि "ईसीएचएसमध्ये घ्या" असं सांगा. 'आधी कॅशमध्ये घेऊ, नंतर बदलू' हे ऐकू नका. नंतर ते बदलणं फार जिकिरीचं होतं. पॉलीक्लिनिकला ऑनलाईन कळवणं हे हॉस्पिटलचं काम आहे, पण तुम्ही ते झालं का हे विचारून घ्या आणि पावती किंवा नंबर टिपून ठेवा.

हॉस्पिटल पॅनलवरचं *नसेल*, तर कळवणं हे तुमचं काम. भरतीपासून ४८ तासांच्या आत जवळच्या पॉलीक्लिनिकला कळवायचं. तुमचंच पॉलीक्लिनिक असायला हवं असं नाही, नगर किंवा साताऱ्याला लग्नाला गेला असाल तर तिथलंही चालेल. काय कळवायचं: पेशंटचं नाव, कार्ड नंबर, हॉस्पिटल, भरतीची तारीख आणि वेळ, आजार. लेखी द्या, शक्य तर ईमेल करा आणि प्रत समक्ष नेऊन पोच घ्या. फोन केला होता, असं तीन महिन्यांनी सिद्ध करता येत नाही. पॉलीक्लिनिककडून पाहणीला कुणी आलं तर त्यांना केस पेपर दाखवा.

शनिवारी रात्री भरती झाली तर काय? ईमेल लगेच जातो, तो करा. सोमवारी उघडायच्या वेळी दारात उभे राहा.

इथे लोक एक गोष्ट विसरतात: पेशंट स्थिर झाला की इमर्जन्सी संपते. पॅनलबाहेरच्या हॉस्पिटलात पंधरा दिवस राहून पूर्ण खर्च मागता येत नाही. डॉक्टर 'हलवता येईल' म्हणाले की पॅनलवरच्या किंवा लष्करी हॉस्पिटलात हलवायची तयारी करा. हलवता येत नसेल तर तसं लेखी घ्या.

थांबा: पॅनलबाहेरच्या बिलातून परतावा सरकारी ठरलेल्या दराने मिळतो. चार लाखांच्या बिलावर दीड लाख मंजूर झाले तर ती चूक नाही, दर तेवढाच आहे. हे घरातल्यांना भरतीच्या दिवशीच सांगा, म्हणजे कर्ज काढताना अंदाज राहील.

## ८. क्लेमची फाइल

डिस्चार्ज मिळण्याआधी, हॉस्पिटलात असतानाच, हे गोळा करा. नंतर त्याच डॉक्टरांची सही घ्यायला आठवडा जातो.

- डॉक्टरांचं इमर्जन्सी प्रमाणपत्र, ज्यावर 'कोणत्या अवस्थेत आणलं' हे स्पष्ट लिहिलेलं
- डिस्चार्ज समरी
- बाबवार मूळ बिल. नुसतं 'पॅकेज' लिहिलेलं नको
- औषधांची बिलं आणि त्यांची प्रिस्क्रिप्शन
- पैसे भरल्याच्या पावत्या
- इम्प्लांट किंवा स्टेंट बसवला असेल तर त्याचं स्टिकर आणि बिल
- कार्डाची प्रत, रद्द केलेला चेक, ४८ तासांच्या माहितीची पोच

इमर्जन्सी प्रमाणपत्र सगळ्यात महत्त्वाचं. 'पेशंटला ॲडमिट केलं' एवढंच लिहून देतात. छातीत दुखणं किती वाजता सुरू झालं, ईसीजी काय, लगेच काय करावं लागलं, हे त्यात यायला हवं. डॉक्टरांना विनंती करा, ते लिहून देतात.

सगळ्याच्या दोन झेरॉक्स काढा, पानांवर क्रमांक टाका, यादी वर लावा आणि मूळ संच पेरेंट पॉलीक्लिनिकला पोच घेऊन द्या. आक्षेप निघाला तर घाबरू नका, रागावूही नका. तो वाचा, जो कागद मागितलाय तोच द्या. अडलं तर पॉलीक्लिनिकच्या ओआयसींना (तिथल्या प्रमुख अधिकाऱ्यांना), मग स्टेशन हेडक्वार्टर, मग पुण्यातल्या रिजनल सेंटरला लेखी. थेट दिल्लीला पत्र टाकलंत तर ते खालीच परत येतं.

## ९. दर महिन्याची औषधं

डिस्चार्जनंतरची औषधं पॉलीक्लिनिकमधून घ्यायची. डिस्चार्ज समरी दाखवा. कंपनीचं नाव वेगळं असेल, औषधाचं मूळ नाव आणि ताकद तीच आहे का ते फार्मासिस्टला विचारा, नाव बदललं म्हणून गोळी टाकून देऊ नका.

औषध शिल्लक नसेल तर 'उपलब्ध नाही' असा शिक्का प्रिस्क्रिप्शनवर घ्या, *मग* बाहेरून विकत घ्या. शिक्क्याआधी घेतलेल्या बिलाचा परतावा अडतो. गोळ्या संपायच्या आठवडाभर आधी या, शेवटच्या गोळीच्या दिवशी नको.

## १०. घरात बदल झाला की कार्डही बदलतं

मुलगा नोकरीला लागला, २५ चा झाला, मुलीचं लग्न झालं, की ते कळवा आणि कार्ड परत करा. कार्ड हरवलं तर पोलिसात तक्रार देऊन ब्लॉक करून घ्या.

आणि माजी सैनिकाचं निधन झालं तर वहिनींनी त्यांच्या नावाच्या जुन्या कार्डव्यवस्थेवर चालू राहू नये. मृत्यूचा दाखला आणि फॅमिली पेन्शनचा पीपीओ घेऊन आता त्या स्वतः मुख्य सभासद म्हणून नवा अर्ज करतात. तेराव्याच्या गडबडीत हे सुचत नाही, म्हणून घरातल्या एकाने हे काम आधीच अंगावर घ्यावं. पहिला अर्ज 'स्पर्श'वर फॅमिली पेन्शनचा. त्याचा पीपीओ आला की दुसऱ्या दिवशी ईसीएचएसचा. त्यांना बीपीची, थायरॉईडची गोळी चालू असेल तर त्याआधीच पॉलीक्लिनिकला जाऊन पुढच्या महिन्याचं औषध कसं मिळेल ते विचारून ठेवा, म्हणजे कागदांच्या वाटेत गोळी चुकणार नाही.